पोटात गेलेली मतं

फोन कुठूनही येवो, आप्पा त्या गावाकडे तोंड करून बोलत. दौंडहून आला की पूर्वेला, पुण्याहून आला की पश्चिमेला आणि माझा आला की उत्तरेला, कारण मी कारेगावात राहतो. घरात असले तर दिशा साधण्यासाठी उंबऱ्यापर्यंत येत. मोटारसायकलवर मागे बसलेले असताना फोन वाजला, तर चालवणाऱ्याला गाडी उभी करायला लावून खाली उतरत. मी एकदा धाडस करून कारण विचारलं. म्हणाले, "पाव्हणं, माणसाकडं पाठ करून बोलू न्हाई." बँकेच्या आणि विम्याच्या फोनांचा मात्र गोंधळ व्हायचा. पलीकडून एखादी मुलगी हिंदीत कर्जाच्या योजना सांगत असायची आणि आप्पा अंगणात गोल फिरत तिला विचारत असायचे, "बाई, आदी गाव सांग. मंग बोलू."

आप्पा माझे चुलत सासरे. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे आमच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले, त्यामुळे सासुरवाडीचा जो काही धाक माझ्या वाट्याला आला तो आप्पांकडूनच आला. गाव कासुर्डीच्या पुढं, हायवे सोडून आत. आजूबाजूला ऊस आणि उसाच्या मधोमध गुऱ्हाळं. त्यातलं ओढ्याच्या काठचं, सगळ्यात जुनं गुऱ्हाळ आप्पांचं. आप्पा जाऊन आता दोन पावसाळे झाले. अजूनही त्या गावाहून फोन आला की मी कारेगावच्या खोलीत दक्षिणेकडे वळतो आणि बायको हसते.

गुऱ्हाळावर जन्म गेल्यामुळं त्यांची सगळी भाषा गुळाची. एखादा निर्णय व्हायचा असला की, "अजून काहिलीत हाय." म्हणजे रसाच्या कढईत उकळतंय, मध्ये हात घालू नका. निर्णय झाला की, "ढेप झाली." त्यानंतर कलेक्टर आला तरी ढेप फुटत नसे. सरपंच म्हणून त्यांनी अशा कितीतरी ढेपा पाडल्या. त्यातल्या काही चांगल्या होत्या. शाळेच्या पटांगणात कुणालाही लग्नाचा मांडव घालू द्यायचा नाही, ही एक. काही मात्र नुसत्या टणक होत्या. गावात येणारी एसटी देवळापाशीच थांबेल, फाट्यावर थांबणार नाही, अशी एक होती. देवळापाशी वळायला जागाच नव्हती. शेवटी एसटीनं येणंच बंद केलं, पण ढेप ती ढेप.

त्यांच्या राजकारणाचा एक नियम मात्र मी दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्यात पाहिला नाही. लग्नात ते आपल्या गटाच्या पंगतीत कधी बसत नसत. शोधून विरोधकांच्या पंगतीत जाऊन बसत, त्यांच्या पानात आग्रहानं जिलेबी वाढायला लावत, त्यांच्या म्हशींची चौकशी करत. माझ्या मेव्हण्यानं एकदा तोंड वाकडं करून म्हटलं, "आप्पा, आपली माणसं तिकडं बसलीत." आप्पा म्हणाले, "आपल्या माणसाशेजारी बसून काय जेवायचं? त्याचं मत काय पळून चाललंय व्हय?"

मला ही चाल फार हुशारीची वाटली होती. मी रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजतो. राजकारणातलं मला काय कळतं?

आता धुराकडे येतो.

गुऱ्हाळाच्या चुलवणात पूर्वी उसाचं चिपाड जळायचं. चिपाड वाळवावं लागतं, त्याला जागा लागते, माणसं लागतात. मग भंगारवाल्यांचे टेम्पो यायला लागले. जुन्या चपला, फाटके बूट, प्लॅस्टिकच्या चिंध्या. स्वस्त, आणि जाळ असा की काहील अर्ध्या वेळात चढते. सगळ्यांनी घेतलं, आप्पांनीही घेतलं. संध्याकाळी गावावर काळी चादर पसरायची. दोरीवरचे कपडे आत घेताना बाया ते आधी झटकायच्या आणि मग शिव्या घालायच्या. ग्रामसभेत कुणीतरी विषय काढला, तेव्हा आप्पा उभे राहून म्हणाले होते, "धूर न्हाई तो. गावाचा श्वास हाय. बंद पडला तर गाव मेलं म्हणून समजा." ढेप झाली.

त्या धुराचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होत असेल, तर माझ्या सासूबाईंना. आप्पांच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक भिंत आणि एक लिंबाचं झाड. हिवाळा आला की सासूबाईंचा श्वास अडकायचा. दौंडच्या दवाखान्यात दोन-तीन दिवस राहून यायच्या, घरी येऊन ओट्यावर बसायच्या, आणि समोर आप्पांचं धुराडं सुरूच असायचं. छातीतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी मेव्हण्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असंच चालू राहिलं तर ह्यांना त्या गावात ठेवू नका.

पण ही गोष्ट आप्पांना कुणी धड सांगितलीच नव्हती. सासूबाई सांगू शकत नव्हत्या, कारण थोरल्या दिराशी त्या बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. लग्न होऊन आल्यापासून आप्पा दिसले की पदर पुढं आणि मान खाली. काही सांगायचंच असलं तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून: "त्यांना म्हणावं, चहा ठेवलाय." आप्पाही तसंच: "तिला म्हणावं, बिनसाखरेचा." तिसरं माणूस नसेल तर शेळीला उद्देशून. आता 'चहा ठेवलाय' शेळीमार्फत पोहोचतं, पण 'तुमच्या धुरानं मी मरतेय' कसं पोहोचवायचं? मेव्हणा आप्पांना घाबरत असे. आणि मी जावई. जावयाला मान असतो, मत नसतं.

बोलली ती मंगल. मंगल माझ्या मेव्हण्याची बायको, म्हणजे सासूबाईंची सून. मांडवगणकडची. बचत गटाच्या बायांना घेऊन बँकेच्या साहेबाला तासभर बोलण्यात गुंतवून ठेवील अशी. ती आधी आप्पांकडे नीट जाऊन आली. आप्पा म्हणाले, "पोरी, ढेप झालीय ती." ती परत आली, भाकरी थापता थापता सासूबाईंना म्हणाली, "आत्या, मी उभी राहते."

"कशाला गं?"

"सरपंचाला. आप्पांच्या जागी."

हे कळायला गावची रीत सांगायला हवी. गावात दोन गट आहेत, पण दुसरा नुसता म्हणायला. आप्पांच्या गटानं ज्याला उभं केलं तो निवडून आला म्हणून समजायचं. त्यामुळं खरी निवडणूक व्हायची ती फॉर्म भरायच्या आधी, गटाच्या बैठकीत, मारुतीच्या देवळात. आजवर आप्पांच्या विरोधात तिथं कुणी तोंड उघडलं नव्हतं. मंगलनं उघडलं. आणि गंमत म्हणजे तिच्यामागं लोकही निघाले. पंगतीत ज्यांच्याशेजारी आप्पा कधी बसले नव्हते, तेच बरेचसे.

बैठकीत हात वर करायची पद्धत गटानं केव्हाच सोडली होती, कारण हात कुणी वर केला हे लक्षात ठेवून लोक पुढं पाच-पाच वर्षं एकमेकांच्या दारात पाय ठेवत नसत. चिठ्ठीत अक्षर ओळखू येतं. म्हणून दाण्यांची रीत. येणाऱ्या प्रत्येकाला देवळाच्या पायरीवर दोन उमेदवारांचे दोन दाणे द्यायचे. भाषणं झाली की एकेकानं चादरीच्या आडोशाला जाऊन हवा तो दाणा पितळी घागरीत टाकायचा. मोजायला बाहेरचा माणूस.

बाहेरचा माणूस म्हणून दोन्ही बाजूंनी मला निवडलं. आप्पा म्हणाले, "पाव्हणं नट-बोल्ट मोजत्यात, त्यांचं चुकायचं न्हाई." मंगल म्हणाली, "दाजी भित्रे हायत, लबाडी करायची हिंमत न्हाई त्यांच्यात." दोघांचंही बरोबर होतं.

मंगलनं हरभरा निवडला. आप्पांनी शेंगदाणा. आणि इथं आप्पांमधला पुढारी मागं पडला आणि यजमान पुढं आला. कच्चा दाणा लोकांच्या हातावर ठेवायचा म्हणजे कसं दिसतं? त्यांनी घरून दाणे भाजून आणले. मंगलचा हरभरा मात्र कोठीतला, खड्यासारखा.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण बैठकीला लोक यायचे म्हणून आप्पांनी त्या दिवशी सकाळपासून खास काहील चढवली होती. भाषणं सुरू झाली आणि परातीतून ऊन ऊन, नुकता घोटलेला गूळ फिरायला लागला. द्रोणात ढेकूळ, अजून मऊ, वेलदोडा घातलेला.

तुम्हीच सांगा. आमच्या मुलखातल्या माणसाच्या एका हातात ऊन गूळ दिला आणि दुसऱ्या हातात भाजलेला शेंगदाणा असला, तर तो काय करील?

मी घागरीशेजारी बसून पाहत होतो. कुणी मुद्दाम केलं नाही. आप्पांचे खंदे समर्थक, ज्यांना भाषण ऐकायची गरजच नव्हती कारण मत ठरलेलं होतं, ते निवांत बसले होते. बोलता बोलता हात तोंडाकडे गेला. मंगलच्या बाजूची माणसं मूठ घट्ट मिटून बसली होती. त्या दिवशी वारा ओढ्याकडून देवळाकडे होता. माझे डोळे चुरचुरत होते, आणि मला वाटत होतं की ते जबाबदारीमुळं.

मतदान सुरू झालं तेव्हा घोटाळा लक्षात आला. एक म्हातारबा आडोशाला आले, मूठ उघडली, आत फक्त हरभरा. माझ्याकडं पाहिलं, कानात म्हणाले, "पाव्हणं, ते दुसरं खाल्लं की वो मी."

"मग?"

"दुसरा द्या की."

"तसा नियम नाही, बाबा."

"आसं मोकळ्या हातानं भाईर गेलो तर लोक काय म्हंतील?" आणि त्यांनी हरभरा टाकला. आप्पांच्या बालपणीच्या मित्रानं. असे किती झाले कोण जाणे. काहींनी तर काहीतरी टाकल्याचा आवाज यावा म्हणून गुळाचा खडा टाकला. घागर उपडी केली तेव्हा हरभरे निघाले, शेंगदाणे निघाले आणि ओशाळलेल्या गुळाचे खडे निघाले. त्या खड्यांवरून देवळात गोंधळ उठला. गूळ आप्पांच्या गुऱ्हाळाचा, म्हणून मतही आप्पांचं, असं एक बाजू म्हणाली. दुसरी म्हणाली, मग हरभरा आमच्या शेतातला, तुमच्या घरात गेलेला बी आमचाच धरा. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आप्पांकडं पाहिलं.

आप्पा म्हणाले, "गूळ कुणाचाच न्हाई. बाजूला काढा."

तसं मोजलं. आप्पा तीन दाण्यांनी वाचले.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी ही हकिगत सांगितली. आमच्याकडे एक बिहारचा फिटर आहे, तो हसून म्हणाला, "बच गया ना? तो अब क्यों बदलेगा?" मी मान डोलवली. यावतच्या चहाच्या टपरीपासून गावापर्यंत सगळ्यांचं हेच मत होतं. आप्पांची माणसं तर छातीठोक सांगत होती की तीन दाण्यांचा हिशेब धरायचाच नाही, मतं आपलीच होती, फक्त पोटात गेली.

हे पटलं नाही ते एकट्या आप्पांना.

त्या शनिवारी मी बायकोला घेऊन गावी गेलो होतो, कारण सासूबाईंचा श्वास पुन्हा वर लागला होता. आप्पांनी मला गुऱ्हाळावर बोलावलं. तिथं त्यांचे दोन-तीन पाठीराखे बसले होते आणि त्यांची समजूत घालत होते. आप्पा चुलवणाकडं बघत म्हणाले, "ज्याला निकड व्हती त्यानं मूठ उघडली न्हाई. मंगलच्या एका बी माणसानं हरभरा खाल्ला न्हाई."

"आप्पा, कच्चा हरभरा कोण खाईल?" एक जण म्हणाला.

"तेच म्हंतो मी. तिचं लोकांनी धरून ठिवलं. मी नुसता ग्वाड लागत व्हतो, म्हणून खाऊन टाकला."

मग माझ्याकडं वळले. "चला पाव्हणं. तुमच्या सासूबाईंना एक इचारायचं हाय."

आप्पा भावाच्या घरात सहसा येत नसत. त्या दिवशी आले, दाराशी पोत्यावर बसले. सासूबाई आतल्या खोलीच्या चौकटीआड. दोघांच्या मध्ये मी, जेमतेम दोन हातांवर.

"पाव्हणं, इचारा त्यांना. शेंगदाणा टाकला का हरभरा?"

मी चौकटीकडं तोंड केलं. "सासूबाई, आप्पा विचारतात की..."

"मत गुप्त असतं म्हणावं," आतून मंगल.

"मी मंगलला इचारलं न्हाई म्हणावं," आप्पा.

मी दोन्हीकडं मान फिरवून दमलो. मग सासूबाईंचा आवाज आला, मध्ये थांबत थांबत, कारण एका दमात वाक्य पुरं होत नव्हतं. "जावईबापू, त्यांना सांगा. दोन्ही दाणे माझ्याकडंच हायत." त्यांनी पदराची गाठ सोडून हात पुढं केला. तळहातावर एक हरभरा आणि एक शेंगदाणा. "पायरीवर घेतले. आत यायला पाय उचलला आन् खोकला लागला. धूर सगळा देवळातच आला व्हता. चपलांचा वास. तशीच भिंतीला धरून माघारी आले."

आप्पांनी त्या दोन दाण्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "इचारा, आत आल्या असत्या तर काय टाकणार व्हत्या?"

"दाणाच टाकणार व्हते म्हणावं."

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मंगल बाहेर आली. "आत्या? दाणा? मंग मी कुणासाठी उभी राहिले?"

"माझ्यासाठी. ठावं हाय मला. म्हणून हरभरा बी टाकून दिला न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "पर थोरल्यांच्या इरुद्द हात कसा उचलायचा गं? दाणाच टाकला असता. पायरीच चढता आली न्हाई, त्याला काय करू?"

हे वाक्य मला आप्पांना पोहोचवावं लागलं नाही. ते त्यांनी थेट ऐकलं होतं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि उठून गेले. जाताना चप्पल घालायला वाकले आणि त्या चपलेकडंच बघत राहिले.

सोमवारी मेव्हण्याचा फोन आला. भंगाराचा टेम्पो आप्पांनी गुऱ्हाळाच्या फाटकातूनच परत पाठवला होता. गूळ घोटणारा गुळव्या कुरकुरला, काहील चढायला वेळ लागतो म्हणाला. आप्पांनी त्याला सांगितलं, "वेळ लागू दे. वेळ माझा हाय." चिपाड वाळत घालायला माणसं लावली. मग ते बाकीच्या गुऱ्हाळवाल्यांकडं एकेक करून गेले. ही त्यांचीच माणसं, त्यांच्याच गटाची, ज्यांच्या घरी ते वर्षानुवर्षं फक्त दु:खाला जात. चहा घेतला, म्हशींची चौकशी केली आणि धुराचं बोलले. दोघं ऐकले, एक चिडला, एक म्हणाला, बघू. पण संध्याकाळची चादर पातळ व्हायला लागली.

इथपर्यंत हा माणूस देवमाणूस वाटेल. पण आप्पा पुढारी होते, आणि ते पुढारीपण आता जागं झालं.

आधी ते म्हणत, "औंदा चिपाड जास्त झालंय, म्हणून जाळतोय." मग म्हणायला लागले, "भंगाराच्या जाळानं गुळाला चव येत न्हाई." आणि महिन्याभरात एका लग्नात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "मी पहिल्यापासनं भंगाराच्या इरोधात हाय." त्या ग्रामसभेतलं वाक्य कुणी काढलंच, तर तेही नव्यानं घोटलेलं होतं: "मी काय म्हणालो व्हतो? धूर आन् गावाचा श्वास ह्या दोन गोष्टी एका जागी राहायच्या न्हाईत. लोकांनी अर्धंच ऐकलं."

मंगलचा संताप मी समजू शकतो. जे मागण्यासाठी ती उभी राहिली, भाऊबंदांची बोलणी खाल्ली, तीन दाण्यांनी पडली, ते आप्पांनी सगळं उचलून आपल्या खिशात घातलं होतं. फोनवर मला म्हणाली, "दाजी, फॉर्म भरायच्या बैठकीला या. मी सगळ्यांसमोर इचारणार हाय."

मी गेलो. सभामंडप भरला होता. मंगलला उठावंही लागलं नाही. ज्याला धुराचं पटलं नव्हतं, त्या गुऱ्हाळवाल्यानंच मागून टोमणा मारला, "आप्पा, सुनेला भिऊन बदलला म्हणा की."

हसू उठलं. आप्पांचा चेहरा लाल झाला. "कोण बदललं?"

"तुम्ही. चपला सोडून चिपाडावर आला."

"मी बदलणारा माणूस हाय व्हय?" आप्पा उभे राहिले. आवाज चढला. "मी कुणाला भिऊन केलं आसं वाटत आसंल तर उद्याच टेम्पो बोलावतो. उद्याच. मंग तर पटंल?"

आप्पा हे करू शकत होते. देवळापाशी एसटी थांबवण्यापायी ज्यांनी एसटीच घालवली, ते टेम्पो नक्की बोलावतील, हे सगळ्यांना माहीत होतं. मी बायांच्या बाजूला पाहिलं. मंगल उठायच्या बेतात होती, ओठांवर शब्द आलेले. शेजारी सासूबाई. त्यांनी मंगलचं मनगट धरलं आणि मला खूण केली.

मी गेलो, वाकलो. त्या हळू बोलल्या, पण आता एका दमात बोलता येत होतं. "जावईबापू, तिथं सांगा. थोरले पहिल्यापासनं हेच म्हणत व्हते. मी शेजारच्या घरात राहती, मला ठावं हाय."

मी त्यांच्याकडं पाहतच राहिलो.

"सांगा," त्या म्हणाल्या.

म्हणून मी, गावाचा अधिकृत मोजणारा, ज्याच्यात लबाडी करायची हिंमत नाही असं सर्वमान्य होतं, तो मारुतीच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आमच्या सासूबाई सांगतात, आप्पा पहिल्यापासून हेच म्हणत होते."

कुणी हसलं नाही. सासूबाई आजवर बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या. आप्पांनी तिकडं पाहिलं, मग पंच्यानं तोंड पुसलं आणि खाली बसले. टेम्पोचा विषय संपला.

घरी येताना मंगल सासूबाईंच्या पुढं पुढं चालत होती. लिंबाखाली थांबली. "आत्या, सगळं मी केलं आन् नाव त्यांचं?"

"व्हय."

"आन् तुम्हाला चालतं?"

"अगं, त्यांना बदलला म्हणून चिडवलं तर ते परत फिरत्याल. परत फिरायला त्यांना जोर लागत न्हाई. तुला नाव पायजे का माझा धूर जायला पायजे?"

मंगलनं आत जाऊन चूल पेटवली. पण दहा दिवसांनी प्रचाराची शेवटची सभा होती, आणि गटानं तिला बोलायला उभं केलं, कारण तिच्याशिवाय बायांची मतं हलत नव्हती. मी पुढच्या रांगेत होतो. मंगलनं पदर खोचला, माईक हातात घेतला, एकदा आप्पांकडं आणि एकदा सासूबाईंकडं पाहिलं.

"गावाला मोकळा श्वास मिळावा म्हणून," ती म्हणाली, आणि तिचा जबडा किती घट्ट झाला होता ते मला पहिल्या रांगेतून दिसत होतं, "आपले आप्पा पहिल्यापासनं झटत आलेत."

बायांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर आप्पांचे डोळे भरून आले. ते नाटक नव्हतं. तोवर त्यांना स्वतःला ते खरंच वाटायला लागलं होतं. आणि टाळ्या वाजवता वाजवता, एक क्षणभर, मलाही.